बुलेटचं हेड आणि बिलोलीचं मत

बिलोलीत गर्दी जमवायला आमदार लागत नाही की मदारी लागत नाही. जुन्या बुलेटचं हेड खोला आणि गॅरेजसमोरच्या बाकड्यावर पालथं ठेवा. दहा मिनिटांत एवढी माणसं गोळा होतात की पलीकडचा चहावाला पोऱ्याला पिटाळतो, "बघून ये रे, कोण गेलं?"

या गर्दीचा क्रम ठरलेला आहे. आधी येतात ज्यांना काहीच काम नाही ते. त्यांच्या मागोमाग येतात ज्यांना फार काम आहे ते. तहसीलला दाखला काढायला आलेला आणि 'सर्व्हर बंद आहे, दुपारून या' हे ऐकून मोकळा झालेला शेतकरी. मांजरेच्या वाळूचा टिपर रस्त्याच्या कडेला धडधडता ठेवून उतरलेला ड्रायव्हर. धर्माबादला मिरची घालून आलेला, स्वतः शिंकणारा आणि दुसऱ्यांनाही शिंकायला लावणारा एक गृहस्थ. कुंडलवाडीचे निवृत्त गुरुजी. आणि कॉलेजचा एक पोरगा, ज्याला हे सगळं मोबाइलवर आधीच कळलेलं असतं. प्रत्येकजण वाकतो, हेडाच्या पोकळीत बोट घालतो, काजळी बघतो, ती खांबाला पुसतो आणि मग बोलतो. निवडणुकीसारखंच आहे. आधी बोट काळं, मग मत.

गाडी आमच्या दाजींची. कागदोपत्री एकेकाळी त्यांच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची. १९८४ सालची साडेतीनशे. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. त्यामुळे आजच्या पोरांनी ती चालवली की थांबायच्या ठिकाणी गिअर पडतो आणि गिअर टाकायच्या ठिकाणी ती थांबते. तात्या गेल्यावर ती ओसरीत उभी राहिली. तिच्यावर आधी पोती आली, मग पोत्यांवर कोंबड्या आल्या. पन्नाशीला पोचलेल्या माणसाला दोनच गोष्टी नव्यानं आठवतात, गुडघे आणि वडिलांची बुलेट. दाजींना दोन्ही एकदम आठवली. ताईचं म्हणणं, गुडघ्यांचा खर्च कमी आला असता.

गाडी धुतली, पुसली, कार्बोरेटर साफ केला, आणि प्लग काढताना घात झाला. प्लग निघाला तो हेडाचे आटे घेऊनच निघाला. पान्याला जोर कोणी लावला, हे आजतागायत कळलेलं नाही. त्या वेळी तिथं हजर असलेले सगळेजण त्या वेळी तिथं हजर नव्हते. आटे गेल्यावर नवा प्लग बसेना, बसला तर टिकेना, कीक मारली की फुस्स करून अंगावर यायचा. मग गॅरेजच्या उस्तादांनी हेड खाली घेतलं, आणि नुसते आटेच नव्हे, इतरही बरंच काही गेलेलं आहे असं दिसलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. व्हॉल्व्ह ज्या गाइडमधून वर-खाली होतो, ते गाइड इतकं झिजलेलं की व्हॉल्व्ह बोटानं धरून आडवा हलवला तर खुळखुळायचा. हेडाला गार ठेवणारे दोन-तीन पंख तुटलेले. ते कोंबड्यांनी तोडले असं दाजी म्हणाले. गुरुजींनी कोंबडीचं वजन विचारलं. दाजी गप्प बसले.

आता प्रश्न असा की, हेच हेड दुरुस्त करायचं की दुसरं आणायचं? आणि आणायचं तर कोणतं?

न कळणारे लोक हेडाला झाकण म्हणतात. कळणारेही म्हणतात, पण मनातल्या मनात. खरं पाहता पिस्टनला स्वतःचं मत नसतं. खाली ढकललं तर खाली, वर ढकललं तर वर. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा, किती घ्यायचा, कुठल्या वाटेनं घ्यायचा आणि धूर कधी बाहेर टाकायचा, हे सगळं हेडात ठरतं. तीन हजार फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो आणि मिटतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा. दरवेळी तो आपल्या सीटवर असा टेकला पाहिजे की वाराही जाऊ नये. एवढं काम आमच्या तालुक्यात दुसरं कोणी करत असेल असं वाटत नाही.

चर्चेची सुरुवात टिपरवाल्यानं केली. "हे बदलू नका. हे लोखंडी इंजिन आहे. असं लोखंड आता मिळत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. 'लोखंडी इंजिन' म्हटलं की बुलेटवाल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. कास्ट आयर्नची बुलेट म्हणजे खरी बुलेट, २०१० च्या सुमारास नवं इंजिन आलं आणि सगळं संपलं, हे वाक्य मी लग्नात, मयतीत आणि एकदा बँकेच्या रांगेतही ऐकलं आहे. अडचण एवढीच की बाकड्यावर जे पालथं पडलं होतं ते ॲल्युमिनियम होतं. लोखंडी असतो तो सिलिंडर. त्याच्या वरचं हेड ॲल्युमिनियमचंच. उस्तादांनी गल्ल्यातलं छोटं लोहचुंबक आणून हेडाला लावलं, ते खाली पडलं. मग सिलिंडरला लावलं, ते चिकटलं. टिपरवाला म्हणाला, "चुंबक जुनं झालंय." मराठवाड्यात पुराव्यावर विश्वास आहे, पण मतावर जास्त आहे.

मिरचीवाले गृहस्थ दिल्लीच्या मालाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, करोल बागेतून नवं कोरं हेड मागवावं. पार्सल तीन दिवसांत नांदेडला. त्यांच्या साडूनं मागवलं होतं. आम्ही विचारलं, कसं निघालं? ते म्हणाले, "दिसायला एकदम चकाचक." गाडी चालते का, हे विचारल्यावर त्यांना शिंक आली.

कॉलेजच्या पोराचं मत वेगळंच. "बुलेट कशाला करताय? आरएक्स हंड्रेड घ्या. ९८ सीसी आणि ११ बीएचपी. बुलेटीला साडेतीनशेत १८. हिशेब करा." त्याचा हिशेब बरोबर होता, म्हणूनच कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. शिवाय टू-स्ट्रोकच्या हेडात व्हॉल्व्हच नसतात. खरंच नुसतं झाकण! त्यावर दोन मिनिटं तरी भांडता येईल का? ज्या हेडावर भांडता येत नाही, ते बिलोलीत चालत नाही.

एकानं डिझेल बुलेटचा विषय काढला. आमच्या भागातल्या वयस्कर माणसांना ती आठवते. कंपनीनं स्वतः टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली होती, ३२५ सीसीची, साडेसहा बीएचपीची. लिटरमागे सत्तर-ऐंशी किलोमीटर द्यायची आणि पुढचा गाव तिच्या आवाजानंच जागा व्हायचा. तिच्यावरून घरी येणारा माणूस बायकोला फोन करत नसे, गरज नव्हती. पण ते इंजिनच वेगळं, त्याचं हेड आपल्या कामाचं नाही, एवढ्यावर तो विषय संपला.

आणि मग दाजींनी पोटातली गोष्ट बाहेर काढली.

"मी म्हणतो, पाचशेचं हेड बसवलं तर?"

क्षणभर कोणी बोललं नाही. टिपरसुद्धा बंद पडला. ड्रायव्हर तो चालू करायला धावला.

पाचशेचं हेड हे बुलेटवाल्याचं स्वप्न असतं. साडेतीनशेचा बोअर ७० मिलिमीटर, पाचशेचा ८४. स्ट्रोक दोघांचा ९०. म्हणजे उंची तीच, छाती मोठी. व्हॉल्व्ह मोठे, पोर्ट मोठा. दाजींची कल्पना अशी की नुसतं हेड मोठं टाकलं की गाडी आपोआप पाचशेसारखी वागायला लागेल. हे आमच्याकडे माणसांच्या बाबतीतही चालतं. साधा कार्यकर्ता फ्लेक्सवर मोठ्या साहेबांशेजारी छापला की पंधरा दिवस साहेबासारखाच चालतो.

कुंडलवाडीच्या गुरुजींना गणिताशिवाय राहवत नाही. त्यांनी हेडातलीच काजळी बोटाला घेतली आणि गॅरेजच्या चुन्याच्या भिंतीवर आकडेमोड मांडली. जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन साडेसहास एक. म्हणजे पिस्टन तळाला असताना जेवढी जागा, तिच्या साडेसहाव्या हिश्शात तो सगळा माल दाबायचा. इंजिन ३४६ सीसीचं. ३४६ भागिले साडेपाच, आले ६३. पिस्टन वर आल्यावर उरणारी पोकळी, पॅकिंगची जाडी वगैरे सगळं धरून, ६३ सीसी. "आता यावर चौदा मिलिमीटर जास्त रुंद पोकळीचं हेड ठेवलं, तर ही जागा वाढेल का घटेल?" गुरुजींनी वर्गाला विचारलं. वर्ग म्हणाला, "वाढंल." "मग कॉम्प्रेशन?" वर्ग गप्प. पाठीमागून शेतकरी म्हणाला, "कमी होईल की." गुरुजींनी त्याला बसायला सांगितलं. बसायला जागा नव्हती, पण त्याला बरं वाटलं.

म्हणजे नुसतं मोठं हेड टाकून गाडी मोठी होत नाही, उलट मऊ पडते. पाचशेचं हेड हवं असेल तर पाचशेचा सिलिंडर हवा, पाचशेचा पिस्टन हवा, कार्बोरेटर मोठा हवा, क्रँकचा तोल पुन्हा बघायला हवा. एवढं झाल्यावर मूळ गाडीतलं उरतं काय? टाकी आणि तात्यांचं नाव. त्यात आरटीओचं प्रकरण आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणीपत्रात लिहिलेलं आहे त्याच्याविरुद्ध गाडीत परस्पर बदल करायचे नाहीत. इंजिन नंबर खाली क्रँककेसवर कोरलेला असतो, त्यामुळे तसंच दुसरं साडेतीनशेचं हेड टाकलं तर कागदाला धक्का लागत नाही. पण सीसी वाढवली, की कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी. दाजी म्हणाले, "आरटीओ नांदेडला आहे, पाऊणशे किलोमीटर." उस्ताद म्हणाले, "पाटील, गाडी पाचसौ करे तो तुमीच जाते ना नांदेड?"

हा वाद फक्त आमच्याकडे होतो असं कोणी समजू नये. अमेरिकेत मसल कार नावाचा गाड्यांचा प्रकार आहे. मध्यम अंगाची गाडी घ्यायची आणि तिच्यात ट्रकला पुरेल एवढं इंजिन कोंबायचं. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून हे वेड फोफावलं. क्रायसलरच्या ४२६ हेमी इंजिनाची ताकद कंपनीच्या कागदावर ४२५ अश्वशक्ती होती. आपली बुलेट १८. आता त्या गाड्या साठीला आल्या आहेत, त्यांचे मालक सत्तरीला, आणि तेही गॅरेजात याच प्रश्नावर तासन्‌तास बसतात: हेड कोणतं?

शेवरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन आलं १९५५ साली. मद्रासेत रेडिचच्या इंग्रजांबरोबर बुलेट बनवणारी एनफिल्ड इंडिया उभी राहिली तीही १९५५ साली. म्हणजे ही दोघं आमच्याकडच्या शाळेत असती तर एका बाकावर बसली असती. साठच्या दशकात त्या शेवरलेच्या काही हेडांच्या टोकाला उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे ओतलेले असत. आजही तिकडचे लोक भंगारात वाकून तो उंट शोधतात. सापडला की त्यावरचा ओतीव आकडा तारेच्या ब्रशनं घासून वाचतात, शेवट ४६१ आहे की ४६२, आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. गंमत म्हणजे त्या उंटाच्या हेडातली पोकळी साधारण ६४ सीसीची, आणि गुरुजींनी भिंतीवर काढलेली आपली ६३. पण ३२७ घनइंची शेवरलेत एका सिलिंडरचा माल जवळजवळ ६७० सीसीचा. तेवढ्याच जागेत दुप्पट माल, म्हणून तिकडे कॉम्प्रेशन दहा-अकरास एक आणि आपल्याकडे साडेसहा, पुढे फार तर सव्वासात. त्या काळात आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलला तेवढंच झेपत होतं. बुलेटचा तो संथ, समजूतदार आवाज पुष्कळसा या कमी दाबण्यातून आलेला आहे. आपण त्याला रुबाब म्हणतो.

पण मला त्या सगळ्यांत फोर्डची गोष्ट सर्वांत आवडते. ३५१ क्लीव्हलँड नावाचं त्यांचं इंजिन १९७० च्या मॉडेलांपासून निघालं. त्याला दोन तऱ्हेची हेडं होती. चार नळ्यांच्या कार्बोरेटरसाठी एक, त्याला म्हणायचे फोर-व्ही. दोन नळ्यांच्यासाठी दुसरं, टू-व्ही. फोर-व्हीचा इनटेक व्हॉल्व्ह २.१९ इंचाचा, पोर्ट असा की त्यात उंदीर सहकुटुंब राहावा. टू-व्हीचा व्हॉल्व्ह २.०४ इंचाचा, पोर्ट बेताचा. अर्थात सगळ्यांना हवं ते फोर-व्ही. शर्यतीच्या मैदानावर, सहा हजार फेऱ्यांच्या पुढे, ते हेड खरोखर बहार करायचं. पण तीच गाडी गावात सिग्नलवरून उचलली की ती आधी विचार करायची, मग सुस्कारा सोडायची, मग निघायची. खालच्या फेऱ्यांना त्या एवढ्या मोठ्या पोर्टातून हवा रेंगाळत जाते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ते नावाजलेलं हेड नको, साधं टू-व्ही घ्या, असं आज तिकडचे कितीतरी जाणकार सांगतात. ज्यांनी फोर-व्ही घेऊन ठेवलंय, ते मात्र सांगत नाहीत.

हे मी गॅरेजसमोर सांगितलं तेव्हा दाजींचा विश्वास बसला नाही. मोठ्या पोर्टातून जास्त हवा जाणार, हे तर लहान पोरालाही कळतं! विश्वास बसवला तो दाखल्याविना परतलेल्या शेतकऱ्यानं. तो पुढं येऊन म्हणाला, "दाजी, मोटर तीच ठिवली आन्‌ दोन इंचीच्या जागी चार इंची पाइप जोडला, तर तोंडाला पाण्याची धार लांब पडंल का पायापाशी?"

"पायापाशी."

"मंग हवेला काय येगळा कायदा हाय व्हय?"

हवेला वेगळा कायदा नाही. उलट हवेबरोबर पेट्रोलचे बारीक थेंब असतात. हवेचा वेग पडला की ते पोर्टाच्या भिंतीला चिकटून बसतात आणि इंजिन खोकतं. विषय तिथं मिटायला हरकत नव्हती. पण मिटलेला विषय आमच्याकडे कुणालाच आवडत नाही.

तेव्हा उस्ताद उठले. एवढा वेळ ते एका टॅपेटचं काम करत, कोणाकडेही न बघता सगळं ऐकत होते. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, जो खरं तर सुरुवातीलाच विचारायला हवा होता.

"पाटील, ये गाडी चलाते किधर?"

दाजी म्हणाले, "लडाखला न्यायचीय."

बुलेट उघडी पडली की प्रत्येक मालकाला लडाख दिसतं. बिलोलीहून निघून खार्दुंग ला चढून आलेला माणूस मी अजून पाहिला नाही, पण त्याच्या तयारीत असलेले डझनावारी पाहिले आहेत. त्यांच्याकडे डिकीत दोरी असते, जॅकेट असतं, डोंगराचं स्टिकर असतं.

उस्ताद म्हणाले, "हौ, लडाख जाना. लडाख के पहले नरसी तो जाके आव."

आता बिलोली-नरसी रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरून निघालं की आधी गतिरोधक. मग शेळ्या. शेळ्यांच्या मागे त्यांच्या मालकाशी बोलायला थांबलेला एसटीचा ड्रायव्हर. मग उसाची ट्रॉली, तिच्या पाठीमागे दिवा नसतो, दिव्याच्या जागी ऊस असतो. मग पुन्हा गतिरोधक, जो कोणी केला हे बांधकाम खात्यालाही माहीत नाही. ज्याच्या दारासमोर आहे त्याला माहीत आहे. या सगळ्यातून बुलेट चाळीस-पंचेचाळीसनं जाते. टॉप गिअरात तेव्हा इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत असतं. साठनं गेली तरी तीन हजारांच्या आतच. आणि साडेतीनशेची ती १८ बीएचपी मिळते साडेपाच हजारांच्या पुढे. म्हणजे ज्या फेऱ्यांसाठी मोठं हेड हवं, तिथवर दाजींची गाडी जन्मात जाणार नाही. गेली तर दाजी तिच्यावर नसतील. ताई बसू देणार नाही.

हीच माझी खरी तक्रार आहे, आणि ती फक्त दाजींबद्दल नाही. माणूस हेड निवडतो ते त्याच्या मनातल्या रस्त्यासाठी. त्या रस्त्याला वळणं असतात, बर्फ असतो, मागं संगीत असतं. गाडी चालते ती मात्र घर ते तहसील आणि तहसील ते झेरॉक्सचं दुकान. अमेरिकेतल्या त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याचंही तेच आहे. हेड सात हजार फेऱ्यांचं आणि गाडी जाते दूध आणायला.

उस्तादांनी मग फडताळातून दोन हेडं काढली. एक कोणीतरी परत करून गेलेलं, खोक्यासकट. खोक्यावर नाव भलतंच, आत चकाचक. दुसरं हैदराबादहून राणीगंजच्या बाजारातून आलेलं जुनं. आमच्या भागाला सामानासाठी पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, निजामाच्या राज्यापासूनची सवय. तिसरं दाजींचं, बाकड्यावर. तिन्ही पालथी मांडली, प्लगची भोकं बुचांनी बंद केली, व्हॉल्व्ह जागेवर ठेवले, आणि प्रत्येक पोकळीत थोडं डिझेल ओतलं. पूर्वी हे रॉकेलनं करत. रेशनचं रॉकेल गेलं आणि गॅरेजचीही पंचाईत झाली.

सगळे खाली वाकले. हे बघण्यासारखं असतं. पोकळीत डिझेलचं लहानसं तळं, त्याच्या तळाशी दोन व्हॉल्व्हच्या चकत्या. सीट आणि व्हॉल्व्ह एकमेकांना नीट बसले असतील तर तळं हलत नाही. नसतील तर पोर्टाच्या तोंडाशी आतून ओलसर रेघ उमटते, मग थेंब धरतो, मग थेंब पडतो. दाजींच्या हेडाचं तळं बघता बघता आटलं, ते अपेक्षितच होतं. हैदराबादच्या हेडानं बराच दम धरला, मग इनटेकमधून एक थेंब सोडला. आणि नवं कोरं? त्यातून दोन्हीकडून धार लागली. मिरचीवाले म्हणाले, "डिझेल पातळ आहे." त्यांना कोणी उत्तर दिलं नाही, पण साडूला फोन लावायला ते बाजूला गेले.

नवं म्हणजे बसणारं नव्हे, हा त्या चाचणीतला मुद्दा. सीट आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर घासून बसवावे लागतात, मग हेड कंपनीचं असो की गल्लीतलं. उस्तादांची पद्धत साधी. व्हॉल्व्हच्या चकतीला रबरी चोखणी लावलेली काठी चिकटवायची, कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत काठी धरून रवीसारखी मागं-पुढं फिरवायची. मध्ये मध्ये उचलायची, थोडी वळवून पुन्हा टेकवायची. आवाज आधी खरखर येतो, मग सरसर, मग जवळजवळ येतच नाही. पुसून बघितलं की चकतीच्या कडेला सगळीकडून सारख्या रुंदीची करडी पट्टी दिसते. ती पट्टी कुठं तुटली नसेल तर झालं. उस्तादांनी ती दाजींना दाखवली. दाजींनी चष्मा वर करून पाहिली आणि पहिल्यांदाच, त्या दिवसात पहिल्यांदाच, लडाख विसरले.

निकाल उस्तादांनी दिला. दाजींचंच हेड ठेवायचं. प्लगचे आटे गेलेत तिथं भोक मोठं करून बुश मारायचा, त्यात नवे आटे. गाइड दोन्ही नवी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवा, सीट कटिंग, लॅपिंग. खालचा सपाट भाग लेथवर हलकासा फेस करायचा, नुसता सरळ होण्यापुरता. दाजी म्हणाले, थोडं जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढेल ना? वाढेल. गुरुजींनी भिंतीवर तेही काढून दिलं: साडेसहाचं सव्वासात करायला त्या बोअरवर जवळजवळ दोन मिलिमीटर कमी करावे लागतात. एवढं हेड घासून काढायला ते काही खोबरं नाही. आणि आजचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं. ते जुन्या कार्बोरेटरमधून पातळ पडतं, इंजिन तापतं. आधी जेट एक नंबर मोठा टाकायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो, तेव्हा हवेनं थंड होणाऱ्या हेडाला दाबण्यापेक्षा पंखांमधला चिखल काढलेला जास्त मानवतो. तुटलेले पंख तसेच राहू दे म्हणाले. त्यावर वेल्डिंग करायला गेलं तर हेड वाकतं.

हेड बसलं त्या दिवशी पुन्हा गर्दी. टॅपेटचं झाकण उघडून उस्तादांनी दाजींना दोन्ही पुशरॉड थंड इंजिनावर बोटांनी फिरवून बघायला लावले. सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. मग डीकॉम्प्रेशरची कळ दाबून कीक, अँपिअरचा काटा मध्यावर, कळ सोडून एक सणसणीत कीक. चालू झाली. टिपरवाला म्हणाला, "बघा, लोखंड ते लोखंड."

दाजी आता तिच्यावरून नरसीला जातात आणि संध्याकाळच्या आत परत येतात. लडाखचं स्टिकर टाकीवर आहे.

वाचकांपैकी कोणाच्या ओसरीत अशी बुलेट असेल, तर त्यांना एवढीच विनंती: दुसरं हेड मागवण्याआधी आपलं हेड पालथं करून डिझेल ओतून बघा, व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलवून बघा, आणि बाकड्याभोवती जमलेल्यांपैकी कोणाचंही ऐकण्याआधी गाडी रोज कुठे जाते ते कागदावर लिहा. आणि प्लग बसवताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. पाना त्यानंतर.